तारेनं बांधलेली झडप

ट्रक तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा गगनबावडा अजून सात-आठ किलोमीटर लांब होतं. धुकं इतकं दाट होतं की बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसत नव्हता. इंजिन दोनदा खोकल्यासारखं झालं, मग त्यातला जीवच गेला. बापू मिस्त्रींनी गाडी उतारावरच कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघितलं.

"बोला इंजिनिअर बाई. आज कुणाचा नंबर?"

पहिल्या वेळी मी एका पार्टवर संशय घेतला होता. दुसऱ्या वेळी बापूंनी दुसऱ्या पार्टवर. आज दोघांकडंही नाव उरलं नव्हतं. आमच्या दोघांच्या मध्ये अज्जा बसले होते, ट्रकच्या मालकाचे वडील. वय पंच्याऐंशीच्या आसपास. मांडीवर पितळी डबी, नजर समोर धुक्यात. ते काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात मागून येणाऱ्या कारमधून त्यांचा मुलगा, म्हणजे बसवराज अण्णा, उतरून खिडकीशी आला.

"परत?" अण्णांनी विचारलं. मग वडिलांचा हललेला हात बघून म्हणाले, "सुम्न कुंद्री, अप्पा." म्हणजे गप्प बसून राहा. माझं गाव कर्नाटकच्या सीमेजवळचं नेसरी. तिथं बाजारात थोडं कन्नड कानावर पडतं, त्यामुळं तेवढं मला कळतं.

अज्जा गप्प बसले. मी खाली उतरले, कारण बसून राहणं मला जमत नव्हतं.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. माझ्या वडिलांची, आबांची, थोडी उसाची शेती आणि दोन म्हशी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात सहा महिने कुठंतरी काम करावं लागतं, म्हणून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये लागले. हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण या गोष्टीत मी काही फार हुशारी केलेली नाही. पण जे झालं ते नीट सांगावं असं वाटतं.

ट्रक साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा, अमेरिकन बनावटीचा. पेट्रोलवर चालणारं सहा सिलिंडरचं इंजिन. अज्जांनी तो तरुणपणी घेतला आणि गडहिंग्लजकडून, कोल्हापूरकडून गूळ भरून घाटाखाली कोकणात नेला. दरवर्षी गणपतीच्या आधी एक खेप ठरलेली असायची. कोकणात घरोघरी मोदक होणार, त्याला गूळ आपला. घाटाखालच्या एका दुकानदाराकडं हा गूळ ट्रकनं जायचा. पुढं ट्रक थकला, मोठ्या डिझेल गाड्या आल्या, आणि हा पंचवीसेक वर्षं शेडमध्ये उभा राहिला. यंदा अण्णांनी ठरवलं, गणपतीच्या आधी एकवीस रवे, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपा, याच ट्रकमधून त्याच दुकानात पोचवायच्या. अज्जा सोबत असतील.

"अप्पांची नजर कमी व्हाय लागलीया," अण्णा शॉपमध्ये म्हणाले होते. "पुढल्या वर्षी घाट दिसंल का न्हाय सांगता येत न्हाय. हेच वर्ष."

आमच्या शॉपच्या मालकांनी इंजिनचं काम घेतलं. ब्लॉक, पिस्टन, क्रँक हे सगळं बापू मिस्त्रींकडं. बापू चाळीस वर्षं हेच करतायत. पण इंजिनच्या बाहेरचे तीन विभाग मालकांनी माझ्याकडं दिले.

"हवा-पेट्रोल आत जातंय ती बाजू, ठिणगी, आणि धूर बाहेर जातोय ती बाजू. ह्ये तिन्हींचे पार्ट तू निवडायचे," ते म्हणाले. "तुझ्या सहीनं येतील. चुकलं तर तुझ्या सहीनं चुकंल."

बापू तिथंच हात पुसत उभे होते. "बरं झालं. माझी सही तशीबी वाईट येतीया."

पहिला विभाग कार्बोरेटरचा. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात मिसळणारं भांडं. जुन्याचा दांडा झिजला होता. अण्णांना एकाऐवजी दोन कार्बोरेटर हवे होते. कुठंतरी व्हिडिओत बघितलं होतं. मी दोन दिवस हिशेब मांडला. इंजिन एका मिनिटात जास्तीत जास्त किती हवा ओढू शकतं, ते काढलं. एक कार्बोरेटर पुरेसा होता. मी चाचरत ते सांगितलं, तेव्हा बापू पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले.

"अण्णा, दोन नाकं लावली म्हणून छाती रुंद हुती व्हय?"

मूळच्याच मापाचा नवा कार्बोरेटर मागवला. मला फार बरं वाटलं. आता वाटतं, थोडं जास्तच बरं वाटलं.

दुसरा विभाग ठिणगीचा. सहा सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा एक डबा असतो, त्याला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. त्यात पॉइंट नावाचे दोन छोटे धातूचे तुकडे उघडझाप करतात आणि ठिणगी पडते. ते जळतात, घासावे लागतात. मी त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल निवडलं. बापूंना ते पटलं नाही.

"पॉइंट बिघडला तर रस्त्यात पालिशपेपरनं घासता येतोय. ह्ये तुझं डबडं बिघडलं तर काय घासायचं? कपाळ?"

तरी मालकांनी माझी निवड ठेवली.

तिसरा विभाग धुराचा. इथं मी चुकले.

सहा सिलिंडरचा जळका धूर गोळा करणारी एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड नळी असते. तिला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. या इंजिनमध्ये ती आत हवा नेणाऱ्या नळीच्या बरोबर खाली बसते आणि मधोमध दोन्ही नळ्या बोल्टनं एकमेकींना जोडलेल्या असतात. जुन्या मॅनिफोल्डला लांब चीर गेली होती. मधल्या जोडाखाली एक झडप होती. ती गंजली होती आणि तिचा दांडा कुणीतरी तारेनं बांधून ठेवला होता. मी फोटो काढले, सहा फोटो. मोजमापं घेतली. वहीत लिहिलं, "झडप तारेने बांधलेली, गंजून जाम. निरुपयोगी."

बापू म्हणाले, चिरीत ब्रेझिंग भरू, म्हणजे पितळेनं सांधू, चालंल. मी म्हटलं, चीर परत उघडेल. त्यापेक्षा स्टीलच्या सहा वेगळ्या नळ्यांचा हेडर करून घेऊ. वजन कमी, धूर मोकळा जाईल. शेजारच्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरनं तो सुरेख केला. वरच्या नळीच्या तळाला, जिथं जुनं मॅनिफोल्ड जोडलेलं होतं, तिथं नळीच्या बंद तळाखाली एक चौकोनी उघडी चौकट उरली. ती मी एका कोऱ्या प्लेटनं झाकून टाकली. ट्रक सुरू केल्यावर आवाज इतका छान आला की गल्लीतली दोन-तीन शॉपं बाहेर येऊन उभी राहिली.

आमच्या शॉपचा एक नियम आहे. काढलेला जुना पार्ट टॅग लावून बाकाखाली ठेवायचा. गाडी पहिल्या लांबच्या फेरीवरून परत येईपर्यंत तो भंगारात जात नाही. हा नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. पण शॉपमागच्या फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, टेंपो मंगळवारी बिडाचं भंगार गोळा करायला येतो. त्या मंगळवारी माझं बाक भरलं होतं, हेडर डौलात बसला होता, आणि ते चिरलेलं जड मॅनिफोल्ड सारखं पायात येत होतं. मी ते टेंपोत टाकलं. टॅग काढून खिशात ठेवला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नाही.

उन्हात ट्रक पन्हाळ्याचा चढ एका दमात चढला. सगळे खूश झाले. पण गगनबावड्याच्या पहिल्याच फेरीत, धुक्यात शिरल्यावर, तो बंद पडला. दहा मिनिटं थांबलो तर आपोआप सुरू झाला. मला वाटलं, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गरम होऊन मरत असणार. बापूंना तर ते आधीपासूनच वाटत होतं. ते काढून पॉइंट लावले. दुसऱ्या फेरीत तिथंच बंद. म्हणजे मॉड्यूल निर्दोष होतं.

मग बापू म्हणाले, पेट्रोल उकळतंय. हेडर लाल होतोय, त्याच्या झळीनं पंपातलं पेट्रोल वाफ होतंय, वाफ पंपाला ओढता येत नाही. हे खरंच होतं गाड्यांना. थांबल्यावर गार होऊन गाडी परत सुरू होते, तेही जुळत होतं. त्यावर जुना उपाय आहे. ओली गोणपाटाची फडकी पंपाला आणि कार्बोरेटरला गुंडाळायची. तिसऱ्या फेरीला आम्ही तसंच केलं. मी स्वतः बादलीत फडकी भिजवली.

आणि ट्रक आधीपेक्षा चार किलोमीटर अलीकडंच बंद पडला.

त्या दिवशी गुरुवार होता. गणपती पुढच्या बुधवारी. दुकानदाराला गूळ सोमवारी हवा होता, नाहीतर त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडून घेणार. मी बॉनेट उघडून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण गार केलं, तर आजार वाढला. मग उष्णतेचा आजार कसा?

वाकून बघताना तोल सांभाळायला मी वरच्या नळीवर हात टेकवला. आणि दचकून काढला.

बापू ओरडले, "भाजलं काय गं?"

"न्हाय," मी म्हटलं. "गार हाय."

"चालत्या इंजिनची नळी गार कशी असंल?"

"बर्फागत गार हाय, बापू. हात लावून बघा की."

त्यांनी हात लावला आणि लगेच मागं घेतला. मी घाईघाईनं वरचा एअर फिल्टर काढला आणि मोबाइलचा टॉर्च कार्बोरेटरच्या घशात धरला. आतल्या झडपेभोवती पांढरं कडं जमलं होतं. घरच्या फ्रीजरच्या भिंतीला असतं, अगदी तसं. आम्ही बघत असतानाच ते वितळायला लागलं. दहा मिनिटांत पुरावा गायब होत होता, म्हणून आधी दोन वेळा काही सापडलं नव्हतं.

यात जादू काही नाही. हातावर पेट्रोल पडलं की गार लागतं, कारण उडून जाताना ते हाताची उष्णता घेऊन जातं. कार्बोरेटरमध्ये हेच अखंड चालू असतं. हवा कोरडी असेल तर बिघडत नाही. पण धुक्यातल्या हवेत पाणीच पाणी. बाहेर नुसती स्वेटरची थंडी असली तरी आत त्या पाण्याचा बर्फ होतो आणि इंजिनचा घसा बंद होतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

"मग पयलं कसं न्हाय झालं कधी?" अण्णांनी विचारलं. "चाळीस वर्षं गेलाय की ह्यो ट्रक ह्याच रस्त्यानं. ह्याच धुक्यातनं."

केबिनमधून आवाज आला, "झडप बांधायचो की आमी."

अण्णा वळले. "अप्पा, सुम्न..."

"थांबा अण्णा," मी म्हटलं. मोठ्या माणसाला मी असं कधी तोडलेलं नाही. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "अज्जा, कुठली झडप?"

अज्जा हळूहळू खाली उतरले. बापूंनी त्यांना हात दिला. ते बॉनेटशी आले, वाकले, आणि बोटानं बरोबर माझ्या कोऱ्या प्लेटवर टकटक केली.

"हितं खाली झडप हुती. उन्हाळ्यात सोडायची, पावसाळ्यात तारेनं बांधायची. बांधली की जाळ सगळा हितनं वर लागायचा, नळीच्या बुडाला. नळी तापायची. मग गगनबावडा काय, पार खाली जावा. मिरगाला बांधायची, दसऱ्याला सोडायची. समद्या डायवरांस्नी ठावं हुतं."

"मग सांगितलं का न्हाई अज्जा?"

"कुणाला सांगू?" अज्जांनी डबी उघडली, चिमूटभर तंबाखू काढली. "महिनाभर शॉपच्या दारात खुर्ची टाकून बसलो. च्या लई पाजलासा. इचारलं कुणी न्हाय."

ती तार कुणा आळशी मिस्त्रीचा जुगाड आहे असं मी धरून चालले होते. ती त्यांनीच बांधली होती. पंचवीस वर्षांपूर्वीच्या शेवटच्या पावसाळ्यात.

बापूंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग सोपं हाय! जुनं मॅनिफोल्ड परत चढवू. चिरीत ब्रेझिंग मारू. उद्या सांजपर्यंत गाडी तयार. अण्णा, सोमवारी गूळ खाली."

सगळे हसले. अण्णांनी अज्जांच्या खांद्यावर हात ठेवला. मी फिल्टरचा नट आवळत राहिले. तो आवळून झाला होता, तरी आवळत राहिले.

परतीच्या वाटेत मी दहा वेळा तोंड उघडलं असेल. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या फाट्याला सांगू. कळे आलं, गेलं. फुलेवाडी आली, गेली. खिशात मोबाइल काढायला हात घातला की तो टॅग बोटांना लागायचा. घाटात ट्रक बंद पडणं ही चूक होती, ती कुणाचीही होऊ शकते, असं मी स्वतःला समजावत होते. पण टेंपोत टाकलेलं मॅनिफोल्ड हे नियम माहीत असून केलेलं होतं. ते कुणाचंही नव्हतं, माझंच होतं.

शॉपमध्ये आल्याबरोबर बापू गुडघ्यावर बसले आणि बॅटरी घेऊन माझ्या बाकाखाली बघायला लागले.

"कुठं ठेवलंयस? टॅगचा नंबर काय?"

मी खिशातला टॅग काढून बाकावर ठेवला.

"मॅनिफोल्ड फाउंड्रीत गेलं," मी म्हटलं. "मी टाकलं. दोन मंगळवारांमागं. आतापर्यंत वितळलं असणार."

बापू तसेच गुडघ्यावर राहिले. बॅटरी चालूच होती. मालक त्यांच्या ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वही आण," ते म्हणाले.

मी वही आणली.

"मॅनिफोल्डच्या पानावर काय लिवलंयस, मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "झडप तारेने बांधलेली, गंजून जाम. निरुपयोगी."

"परत वाच."

परत वाचलं. दुसऱ्या वेळी शेवटचा शब्द नीट उमटला नाही.

"ठीक हाय," ते म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले. अण्णांशी ते बोलले, तेवढं मला दारातून ऐकू आलं. तिकडून आवाज चढला होता. "पोरीच्या हातात दिलासा काय हो काम?" असं काहीतरी. मालक शांतपणे म्हणाले, "सोमवारी ट्रक मिळंल. न्हाय मिळाला तर मला बोला, तिला न्हाय."

आत आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तुझ्यासाठी बोललो न्हाय. शॉपसाठी बोललो. आता सोमवारचं काय ते सांग."

मला रडायला आलं होतं, पण रडायला वेळ नव्हता. तसं जुनं मॅनिफोल्ड इतक्या कमी दिवसांत कुठून मिळणार? मी ट्रकभोवती फिरत राहिले. इथून तिथं, तिथून इथं. बापू म्हणाले, "बस की जरा, माझं डोकं फिराय लागलंय." मला बसवेना. फिरता फिरता सिलिंडर हेडच्या कडेला एक पितळी बूच दिसलं. रोज बघत होते ते. थंड देशात केबिन गरम ठेवायला इंजिनचं गरम पाणी आत फिरवतात, त्याची ती वाट. आपल्याकडं त्याचं काम नाही, म्हणून कुणी कधी उघडलेलीच नव्हती.

"बापू," मी विचारलं, "जाळ न्हाई तर गरम पाणी चालंल का?"

"कशाला? ट्रकला आंघूळ घालतीस?"

"वरच्या नळीच्या बुडाला. जिथं मी प्लेट मारलीया, तिथं प्लेटीच्या जागी एक डबी बसवायची. बिडाची. वरनं उघडी, तळ बंद, दोन बाजूला दोन तोंडं. इंजिनचं गरम पाणी ह्या बुचातनं डबीत येणार, नळीच्या बुडाला लागणार, परत रेडिएटरला जाणार. नळीचा तळ मूळचाच बंद हाय, पाणी आत शिरायचं न्हाई."

इथं एक सांगायला हवं, एरवी मी माझी कल्पना सांगून झाली की शेवटी 'बघा, कदाचित चुकत असंल' असं जोडते. त्या दिवशी जोडलं नाही. चुकायला जागाच उरली नव्हती.

बापूंनी बराच वेळ ती चौकट बघितली. मग कानावरची पेन्सिल काढली. "माप सांग."

शुक्रवारी मी ड्रॉइंग काढलं. बापूंनी सागवानाच्या तुकड्यातून त्या डबीचा लाकडी नमुना कोरला. वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. शनिवारी दुपारी मागच्या फाउंड्रीत ओतकाम होतं. त्याच फाउंड्रीत. मी साच्याजवळ उभी होते. लाल रस साच्यात जाताना बापू माझ्या कानाशी म्हणाले,

"तुझं जुनं मॅनिफोल्डबी असंल ह्यात. चमचाभर."

तीन दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

रविवारी डबी मशिनवर सपाट करून घेतली, जोडात बसायचं गॅस्केट कापलं, पाण्याचे होज जोडले. संध्याकाळी पाच वाजता इंजिन सुरू केलं. एका जोडातून पाणी ठिबकायला लागलं. क्लॅम्प बदलला. परत ठिबकलं. तिसऱ्यांदा बापूंनी क्लॅम्प नाही, होजच बदलला. थांबलं. कारवारच्या बाजूच्या बसवर क्लीनर असलेला माझा मामा म्हणतो, गाडी सुटायच्या आधी जे ठिबकायचं ते ठिबकू दे. मी तेवढ्यावर समाधान मानलं. मॉड्यूल परत बसवलं, पण पॉइंटचा जोड आणि पालिशपेपर डब्यात घालून केबिनमध्ये ठेवला. बापूंनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणजे पटलं, एवढं मला आता कळतं.

सोमवारी सकाळी एकवीस रवे भरले. बापू चालवायला, मध्ये अज्जा, कडेला मी. मागं कारमध्ये अण्णा. गुळाचा वास केबिनमध्ये येत होता. मी कुठंच नीट बसले नव्हते. पाय सारखा हलत होता. अज्जांनी शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरी, बिरेक बापूच्या पायाखाली हाय. तू कशाला दाबालीस?"

साळवण मागं पडलं आणि धुकं सुरू झालं. मागच्या वेळी जिथं बंद पडलो ती जागा आली. इंजिन एका सुरात चालू होतं. ती गेली. त्याच्या आधी जिथं बंद पडलो होतो, तीही गेली. गगनबावड्याच्या अलीकडं मी म्हटलं, "बापू, दोन मिंटं थांबवा. इंजिन चालूच ठेवा."

"आता काय?"

"हात लावून बघतो."

आमच्याकडं पोरीही बोलताना 'बघतो', 'जातो' म्हणतात. लिहिताना मी 'बघते' लिहिते, एवढंच.

मी बॉनेट उघडलं आणि वरच्या नळीवर तळहात ठेवला. चटका बसला. चांगला बसला, बोटांवर लाल डाग उठला. मी बॉनेटच्या बाजूला येऊन तो हात उंच करून काचेतून दोघांना दाखवला. अज्जांना दिसला की नाही माहीत नाही. बापूंना दिसला. त्यांनी हॉर्न वाजवला.

घाट उतरताना मला खरी भीती होती. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, आतली झडप जवळजवळ मिटलेली असते, बर्फ धरायला तीच वेळ. त्यात मागं माल. एका वळणावर इंजिनचा आवाज खाली गेला आणि मी डॅशबोर्ड घट्ट धरला. अज्जा म्हणाले, "काय न्हाय. गिअर बदलला त्यानं." धुक्यात त्यांना काही दिसत नव्हतं. पण पुढं कुठलं वळण येणार, कुठं दुसरा गिअर टाकायचा, ते बापूंना आधीच सांगत होते. मागून अण्णांनी एकदा फोन केला. मी स्पीकरवर टाकला. "अप्पांना म्हणावं बापूंना तरास देऊ नका." अज्जा फोनकडं वाकले आणि म्हणाले, "सुम्न कुंद्रो." फोन बंद झाला.

घाटाखाली ते दुकान अजून होतं. जुना दुकानदार नव्हता, त्याचा मुलगा होता. त्यानं अज्जांना ओळखलं नाही, ट्रकला ओळखलं. अज्जांनी पहिला रवा स्वतः हात लावून उतरवायला दिला. मग खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि त्या मुलाला सांगितलं, "पुढल्या वर्षी दोन दिवस आधी येऊ." अण्णांनी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला.

परत येताना चढाला बापूंनी एकदा रेडिएटरमध्ये पाणी घातलं. बाकी सांगण्यासारखं काही झालं नाही. अनुभवी लोक म्हणतात ते खरं असावं, चांगल्या कामाला गोष्ट नसते.

मंगळवारी मालकांनी वही परत मागितली. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि पेन दिलं. मी 'निरुपयोगी' हा शब्द खोडला. त्याच्या जागी काय लिहावं, हे पटकन सुचेना. शेवटी लिहिलं, "कुणी बांधली, कशासाठी बांधली, विचारले नाही."

मालकांनी वाचलं. "शिकलीस तर बरं," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या इंजिनचं चलन, म्हणजे कामाचा कागद, माझ्या हातात दिलं.

मी एवढंच शिकले. जुन्या गाडीत बांधलेली तार दिसली, तर कापण्याआधी बांधणारा माणूस शोधावा. बहुतेक वेळा तो दारातच खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि आपण त्याला चहा देऊन पुढं गेलेलो असतो.

ती कोरी प्लेट बाकाखाली आहे. टॅग लावलेला आहे. ट्रक पहिल्या लांबच्या फेरीवरून परत आला, म्हणजे नियमानं आता ती भंगारात टाकता येते. काल मंगळवार होता, टेंपो येऊन गेला. मी अजून टाकलेली नाही.